कांदा दिल्ली अडवते, द्राक्षे युरोप अडवतो. मग सार्वभौमत्व उरते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘लासलगावचा कांदा परदेशी जाणार की नाही हे दिल्ली ठरवते. निफाडच्या द्राक्षात किती औषध चालेल हे युरोप ठरवतो. ओझरला विमान तयार होते, पण इंजिन अमेरिकेहून येते. जागतिकीकरणात राज्याचे सार्वभौमत्व निव्वळ पुस्तकी उरले आहे का? नाशिकच्या उदाहरणांवरून सांगा.’

नाही, ते निव्वळ पुस्तकी उरलेले नाही. पण प्रश्नात तीन वेगळे जिन्नस एकाच गोणीत भरले आहेत, ते आधी निवडून घेऊ. कांदा अडवणे हा सार्वभौमत्वाचा वापर आहे. द्राक्षांची अट हा दुसऱ्याच्या सार्वभौमत्वाचा वापर आहे. इंजिनाचा प्रश्न अधिकाराचा नाहीच, ताकदीचा आहे. (येथे ‘राज्य’ म्हणजे राज्यशास्त्रातले राज्य, म्हणजे भारत, फ्रान्स, नेपाळ. महाराष्ट्रासाठी ‘घटक राज्य’ लिहितो. उत्तरपत्रिकेत ही सरमिसळ फार होते.)

संकल्पना समजायला सातबारा पुरतो. मालक म्हणून नाव एकाचे असते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुणाची वहिवाट असते. आणि विहिरीला पाणी आहे की नाही, हे सातबारा सांगत नाही. सार्वभौमत्व म्हणजे मालकाच्या रकान्यातले नाव: या भूभागावर शेवटचा शब्द कोणाचा? आंतरराष्ट्रीय करार म्हणजे इतर हक्कातल्या नोंदी. आर्थिक आणि तांत्रिक कुवत म्हणजे पाणी. जागतिकीकरणाने पहिला रकाना फारसा बदललेला नाही. दुसरा मात्र भरत चालला आहे, आणि पाणी पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीतून येते.

पहिल्या रकान्यासाठी १९३३ चा मॉन्टेव्हिडिओ करार वाचावा. कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, या त्यातल्या चार कसोट्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले कलम २(१) सर्व सदस्यांची सार्वभौम समानता मांडते, तर २(७) अंतर्गत बाबींतला संयुक्त राष्ट्रांचा हस्तक्षेप रोखते. इतपत बहुतेकांना पाठ असते. दुसऱ्या रकान्याचे महत्त्वाचे प्रकरण मात्र बरेच जण गाळतात, ते म्हणजे विम्बल्डन खटला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने व्हर्सायच्या तहात कील कालवा सर्वांना खुला ठेवण्याचे मान्य केले होते. १९२१ मध्ये युद्धसामग्री घेऊन निघालेल्या ‘विम्बल्डन’ जहाजाला त्याने वाट नाकारली. असे बंधन सार्वभौमत्वाला बाधक आहे, हा जर्मनीचा युक्तिवाद तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२३ मध्ये फेटाळला. करार करून स्वतःला बांधून घेण्याचा अधिकार हेच सार्वभौमत्वाचे लक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले. शेतकऱ्याने शेजाऱ्याला वहिवाट लिहून दिली म्हणून तो मालक राहत नाही, असे तलाठीही म्हणणार नाही.

आता कांदा. हे उदाहरण सर्वांत सकस आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे (नोंद १४). परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हद्दीवरची आयात-निर्यात केंद्रसूचीत आहे (नोंद ४१). म्हणून कांदा बाजार समितीच्या लिलावात असतो तोवर मुख्यतः मुंबईच्या कायद्याखाली आणि न्हावाशेव्याच्या कंटेनरमध्ये चढला की दिल्लीच्या. दिल्लीकडे हत्यारे दोन आहेत. एक, १९९२ चा परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा. त्याच्या कलम ३ खाली वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयामार्फत (डीजीएफटी) अधिसूचना निघते आणि निर्यात बंद होते किंवा किमान निर्यात मूल्य लागते. दुसरे हत्यार अर्थ मंत्रालयाचे, निर्यात शुल्क. मंत्रालये दोन, कायदे वेगळे. बातमीत मात्र दोन्हींना सरसकट ‘बंदी’ म्हणतात.

गेल्या फेरीत ही हत्यारे अशी चालली: १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ३१ मार्च २०२४ ची मुदत संपण्याआधीच ‘पुढील आदेशापर्यंत’ अशी वाढ झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. ५५० वर २२० म्हणजे टनाला ७७० डॉलर. तेव्हाच्या सुमारे ८३ रुपये दराने किलोला ६४ रुपये, आणि त्यात जहाजभाडे नाही. म्हणजे कागदावर दार उघडे आणि उंबरठा कमरेएवढा. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढले. निर्यात २०२२-२३ मधल्या २५.२५ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टनांवर आली, तर २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ती ११.६५ लाख टन होती.

यात बाहेरच्या कोणी भारताला अडवले का? नियम काय आहे ते पाहू. गॅट कराराचे (वस्तूंच्या जागतिक व्यापाराचा मूळ करार) कलम ११(१) निर्यातीवर संख्यात्मक बंदी घालायला मनाई करते. पण ११(२)(अ) खाद्यान्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालवून घेते. निर्यात शुल्काला तर गॅटमध्ये सर्वसाधारण मनाईच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नजरेने ४० टक्के शुल्क बंदीपेक्षा सुरक्षित, जरी चाळीत उन्हाळ कांदा भरून बसलेल्या शेतकऱ्याला दोन्ही सारखीच. ‘तात्पुरती’ आणि ‘गंभीर टंचाई’ या दोन शब्दांवर वाद होऊ शकतो, आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द भारताची बाजू दुबळी करतात. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या कलम १२ प्रमाणे खाद्यपदार्थांची निर्यात रोखणाऱ्याने आधी सूचना देऊन आयातदार देशाचा विचार करायचा असतो. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या मालाचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला नाही. कांद्याबाबत आपण निव्वळ निर्यातदार आहोत.

या कलमामागचे दुखणे सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर दिल्लीतच ऐकू आले. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी ऑक्टोबरमध्ये व्यासपीठावरून सांगितले की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे बजावले आहे, आणि पुढच्या वेळी आधी कळवले तर बरे. बोलण्यात हसू होते, पण मुद्दा पक्का होता. तुमचा निर्णय तुमचा, त्याचा चटका आमच्या चुलीला. आणि चटका बसलेला हात दुसऱ्या दुकानाकडे वळतो. बांगलादेश आता स्वतःच्या काढणीच्या हंगामात आयात परवाने रोखून आपल्या शेतकऱ्याला भाव मिळवून देतो. हाही सार्वभौम निर्णयच. २०२४ च्या बंदीतही भारताने सरकार ते सरकार विनंतीवर काही देशांना कांदा दिला: आधी बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन, आणि एप्रिलपर्यंत हे धरून सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन. म्हणजे बंदी ही सरसकट भिंत नव्हती. तिला परराष्ट्र धोरणाची खिडकी होती आणि तिची कडी सरकारच्या हातात होती.

व्यवहारात इथेच काय बिघडते तेही सांगतो. निर्यात शुल्काचा दर सौदा झाला त्या तारखेचा धरत नाहीत. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल चढवायची परवानगी, म्हणजे ‘लेट एक्स्पोर्ट’ आदेश, ज्या दिवशी मिळते त्या दिवसाचा दर लागतो. पिंपळगावहून निघालेला कंटेनर घाट उतरेपर्यंत अधिसूचना आली, तर जुन्या भावाच्या सौद्यावर नवे शुल्क बसते. बंदीबाबत परकीय व्यापार धोरण २०२३ च्या परिच्छेद १.०५ मध्ये सवलत आहे. बंदीच्या तारखेआधी उघडलेले, रद्द न होणारे लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) असेल आणि ते १५ दिवसांत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवले, तर शिल्लक माल मुदतीत पाठवता येतो. पण दोन ठेचा आहेत. पुष्कळ सौदे आगाऊ रकमेवर किंवा नुसत्या विश्वासावर होतात, एलसी नसतेच. आणि सरकार अधिसूचनेतच ‘१.०५ लागू नाही’ असे लिहू शकते.

आणखी एक गंमत. भारताची ही बंदी लिहिली जाते ती ०७०३ १० या सांकेतिक क्रमांकाखाली. हे सहा आकडे ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, त्यापुढे लागणारे दोन आपले. सार्वभौम आदेशाची भाषासुद्धा सामाईक असते, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

द्राक्षांकडे वळू. युरोपीय महासंघाच्या ३९६/२००५ या नियमाने प्रत्येक औषधाच्या उर्वरित अंशाची कमाल मर्यादा ठरते, आणि ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम, एवढे ते कडक. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागाईतदारांच्या तोंडचे ‘सीसीसी’, मर्यादेपेक्षा जास्त आढळले म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. हे वाढ रोखणारे रसायन छाटणीनंतरच्या काळात वापरत. फवारणी महिन्यांपूर्वीची आणि सापळा बंदरावर.

पण यात युरोपने भारताच्या हद्दीत पाऊल टाकले का? नाही. त्याने आपल्या दारात काय आत घ्यायचे एवढेच ठरवले. निफाड-दिंडोरीच्या बागेत जे होते ते भारतीय यंत्रणा करते: बागेची दरवर्षी कृषी विभागाकडे नोंदणी, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेचा क्रमांक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने घेतलेला नमुना, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख, मान्यताप्राप्त पॅकहाऊस, ॲगमार्क, आणि शेवटी पीकस्वास्थ्य प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र खासगी कंपनी देऊ शकत नाही. त्यावर राज्यसंस्थेचाच शिक्का लागतो. म्हणजे जागतिक बाजाराने राज्य दूर सारलेले नाही. उलट राज्याचा शिक्का नसेल तर पेटी रॉटरडॅमला उतरतच नाही.

युरोपलाही हात मोकळे नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारानुसार (अन्नसुरक्षा आणि पीक-पशू आरोग्याचा करार) कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या मंडळाच्या, मानकापेक्षा कडक अट घालायची तर शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. आणि आपण तेच हत्यार उलट दिशेने वापरतो: २०२१ पासून २४ खाद्य पिकांच्या आयातीबरोबर ‘जनुकीय बदल केलेले नाही’ असे प्रमाणपत्र भारत मागतो, आणि त्यावर अमेरिका कुरकुरते.

ब्रिटनचे उदाहरण इथे जोडून द्यावे. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनची उर्वरित अंशांची यादी वेगळी झाली. ठरवण्याचा अधिकार लंडनला परत मिळाला. पण युरोपात विकू पाहणाऱ्या ब्रिटिश उत्पादकाला युरोपचे नियम पाळावेच लागतात, फक्त आता ते ठरवणाऱ्या टेबलाशी त्याची खुर्ची नाही. आपल्या निर्यातदाराला याचा अर्थ एवढाच की फवारणीचे वेळापत्रक आखताना तक्ते दोन बघायचे आणि दोन्हींत जी मर्यादा कमी ती धरायची.

ग्लोबलगॅपसारख्या खासगी शेती-मानकांच्या अटी मात्र यातल्या कशातच बसत नाहीत. त्या सुपरमार्केटांच्या, कोणत्याही संसदेने न केलेल्या. त्यांच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. जागतिकीकरणाने सार्वभौमत्वाला खरा शह कुठे दिला असे विचाराल तर मी इथे बोट ठेवीन, व्यापार संघटनेवर नव्हे.

वाईनचे प्रकरण घटक राज्यामुळे रंगते. दारूवरचे उत्पादन शुल्क राज्यसूचीत आहे (नोंद ५१). युरोप आणि अमेरिकेच्या तक्रारींनंतर केंद्राने २००७ मध्ये परदेशी वाईनवरचे अतिरिक्त सीमाशुल्क काढले. मग महाराष्ट्र, गोवा आणि तमिळनाडू यांनी आपापले कर लावले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये युरोपीय समुदायाने याच तीन राज्यांच्या करांविरुद्ध जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेकडे, तक्रार नोंदवली (वाद क्रमांक ३८०). प्रतिवादी मात्र भारत, कारण बाहेरच्या जगाला घटक राज्य दिसत नाही. गॅटच्या कलम २४(१२) प्रमाणे घटक राज्यांकडून नियम पाळून घेणे ही केंद्राची जबाबदारी. देशी माल आणि सीमा ओलांडून आत आलेला परदेशी माल यांत अंतर्गत कराने भेद करायचा नाही, हे कलम ३ चे सूत्र. दिंडोरीच्या वाईनरीला संरक्षण द्यायचे तर ते सीमेवरच्या शुल्काने, आतल्या कराने नव्हे. सीमेवरचे १५० टक्के शुल्कही आता करारागणिक उतरते आहे: ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात (२९ डिसेंबर २०२२ पासून लागू) ५ डॉलरवरच्या बाटलीला ते लगेच १०० टक्के झाले आणि दहा वर्षांत ५० वर येणार, १५ डॉलरवरच्या बाटलीला लगेच ७५ आणि शेवटी २५. स्वस्त बाटलीला सवलत नाही, कारण स्पर्धा तिथेच टोचली असती. वाटाघाटीत सार्वभौमत्व कसे वापरतात ते ‘५ डॉलर’ या आकड्यात दिसते.

अशा करारांना भारतात संसदेची पूर्वमंजुरी लागत नाही. कार्यकारी मंडळ ते करते (कलम ७३), आणि अंमलासाठी कायदा लागला तर कलम २५३ खाली संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. भूभाग देण्याचे मात्र वेगळे. बेरुबाडी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्ती लागेल असे सांगितले. म्हणून बांगलादेशशी छितमहलांची (एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची) अदलाबदल २०१५ च्या शंभराव्या दुरुस्तीने झाली. जागतिकीकरणात घटक राज्यांचा आवाज खरोखर आक्रसला आहे, आणि तो जिनिव्हामुळे नव्हे, दिल्लीमुळे.

आता पाणी, म्हणजे कुवत. नाशिकरोडच्या छापखान्यात रुपये हवे तेवढे छापता येतात, डॉलर एकही नाही. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले ते यामुळेच. सार्वभौमत्व तेव्हा शाबूत होते. परकीय चलन नव्हते. उलट बाजूही बघा. नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ मध्ये नाशिकलाच छापल्या गेल्या. त्याने नेपाळ भारताचा मांडलिक झाला नाही, आणि आता चिनी छापखान्याला काम दिले म्हणून चीनचाही होत नाही. नोट कोण छापतो हे महत्त्वाचे नाही. ती चलन म्हणून कोण जाहीर करतो, हे महत्त्वाचे. तिथल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या पासपोर्टचा आराखडा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दस्तऐवज ९३०३ प्रमाणे असतो. पासपोर्ट कोणाला द्यायचा हे भारत ठरवतो, त्यावर व्हिसा द्यायचा की नाही हे समोरचा.

ओझरचे तेजस लढाऊ विमानही याच रकान्यातले. २०२१ मध्ये ९९ एफ-४०४ इंजिनांचा करार झाला, पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले, आणि नाशिकच्या उत्पादन साखळीवरचे पहिले मार्क १ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ ला उडाले. या उशिरात कोणी भारताचा अधिकार काढून घेतलेला नाही. पण युद्धकाळात सुटे भाग रोखले जातील या भीतीने निर्णय आधीच सावध होतो, आणि अधिकार न गमावता कुवत कमी पडते ती अशी.

इतर हक्कातली सर्वांत महाग नोंद गुंतवणूक संरक्षण करारांची. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीने पूर्वलक्षी करावरून (जुन्या व्यवहारावर मागाहून लावलेला कर) भारताविरुद्ध लवाद जिंकला (डिसेंबर २०२०, १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज) आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाकडून टाच आणली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा बदलून ती मागणी सोडली. कायदा कोणी रद्द करायला लावला नव्हता. तो चालू ठेवण्याची किंमत परवडेना. दरम्यान भारताने जुने बहुतेक गुंतवणूक करार संपवले होते आणि नव्या नमुन्यात देशी न्यायालयांत पाच वर्षे दाद मागण्याची अट घातली होती. बोजा उतरवण्याचा हक्कही मालकाचाच.

लिहिताना होणारी एक चूक सांगून थांबतो. ‘जागतिक व्यापार संघटना भारताचा कायदा रद्द करू शकते’ असे लिहू नका. तिचा निवाडा भारतीय न्यायालयात आपोआप लागू होत नाही. हरणाऱ्याने धोरण बदलले नाही तर जिंकणाऱ्याला सवलती स्थगित करण्याची परवानगी मिळते, एवढेच. तेही आता अडखळले आहे, कारण डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ ठप्प आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी उसाच्या अनुदानांवर जिंकलेल्या डिसेंबर २०२१ च्या निवाड्याविरुद्ध भारताने त्याच रिकाम्या मंडळाकडे अपील केले, आणि प्रकरण तिथेच पडून राहिले. पुढची कांद्याची अधिसूचना आली की बातमी बाजूला ठेवून मूळ मजकूर उघडा आणि चार गोष्टी शोधा: कोणत्या कायद्याचे कलम, बंदी की शुल्क, मुदतीची तारीख आहे की ‘पुढील आदेशापर्यंत’, आणि १.०५ लागू ठेवला आहे की काढला.